ओले बोंबील शिळे असू शकतात

‘ओला’ म्हणजे भिजलेला, हा अर्थ टॉवेलापुरता ठीक. कोकणातल्या स्वयंपाकघरात तो पुरत नाही. ओले बोंबील म्हणजे अजून वाळत न घातलेले बोंबील. ‘ओला’चा विरुद्धार्थी शब्द ‘सुका’, तर ‘ताजा’चा ‘शिळा’. या दोन जोड्यांची सरमिसळ करू नये. ओले बोंबील कालचे, शिळे असू शकतात आणि सुके बोंबील यंदाचे, ताजे. कोलंबीला तर वेगळा शब्दच आहे: सोलून वाळवली की तिचे सोडे होतात.

खरा घोळ काजूत होतो. बी वाळायच्या आत फोडून काढलेला गर तो ओला काजूगर. सुके काजू रात्रभर पाण्यात ठेवले की ते भिजवलेले काजू. त्यांना ओले म्हणू नये, कारण मूळचा कोवळेपणा पाण्याने परत येत नाही. ‘भिजवलेला’ हे धातुसाधित, म्हणजे क्रियापदाच्या धातूपासून बनलेलं विशेषण आहे, कुणीतरी केलेली क्रिया सांगतं. ‘ओला’ नुसती अवस्था सांगतो. तसंच शहाळं वेगळं आणि ओला नारळ वेगळा: ओल्या नारळाचं खोबरं जून, घट्ट झालेलं असतं, फक्त सुकलेलं नसतं.

‘ओला’ हे विकारी विशेषण आहे, म्हणजे नामाप्रमाणे त्याचं रूप बदलतं: ओला नारळ, ओली मासळी, ओलं खोबरं, अनेकवचनी ओले काजूगर, ओल्या बिया, ओली पानं. नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की तिन्ही लिंगांत ‘ओल्या’च: ओल्या नारळाची चटणी, ओल्या खोबऱ्याचं वाटण. पाककृतींत ‘ओले खोबऱ्याचे’ असं लिहिलेलं दिसतं, ते चूक.

विधेयात, म्हणजे विशेषण नामाआधी न येता क्रियापदासोबत येतं तेव्हा, आणखी एक बारकावा आहे. ‘पानं ओली केली’, पण ‘पानांना ओलं केलं’. कर्माला ‘ना’ लागताच विशेषण आणि क्रियापद दोन्ही नपुंसकलिंगी एकवचनी होतात.

मालवणीत नारळ ‘ओलो’ आणि खोबरा ‘ओला’. तिथला ‘ओला’ नपुंसकलिंगी आहे, प्रमाण मराठीच्या सवयीने पुल्लिंगी वाचला की वाक्य चुकतं.

‘ओली बाळंतीण’मध्ये पाण्याचा संबंधच नाही, नुकतीच बाळंत झालेली, अजून जपायला हवी अशी ती. ‘ओला दुष्काळ’ मात्र पाण्याचाच: कापलेलं भात शेतात आडवं असताना पाऊस थांबत नाही आणि दाण्याला तिथेच कोंब फुटतात.