आज करेल, तोंड बांधा आधी

पशुवैद्य असून मी कुत्र्यांना भ्यायचे. एवढं कबूल करायला माझी आठ वर्षांची नोकरी खर्ची पडली.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या दवाखान्यात हे झाकून राहणं अवघड नव्हतं. येणारी जनावरं म्हणजे देवणी, लाल कंधारी, म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या. कुत्रं महिन्यात दोन-तीनदा. ते आलं की आमचे व्रणोपचारक काका पुढे व्हायचे, पट्टीने त्याचं तोंड बांधायचे, मान बगलेत धरायचे, आणि मी मागून जाऊन मांडीत सुई टोचून मोकळी व्हायचे. काकांना सगळं कळत होतं. कधी बोलले नाहीत. देवणी वळूने एकदा मला खोड्याच्या बाहेर लाथ घातली, फासळीला चीर गेली. पट्टा बांधून आठव्या दिवशी मी पुन्हा त्याच वळूपाशी उभी होते. बैलाची भीती मला कळतच नाही. कुत्र्याची मात्र हाडात होती.

तिचं मूळ 1997 मध्ये. मी आठ वर्षांची, गल्लीतल्या पिसाळलेल्या कुत्र्याने पोटरी धरली. तेव्हा सरकारी दवाखान्यात मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस मिळायची, बेंबीभोवती पोटात, रोज एक, अशी 14. चावा मला पुसटसा आठवतो, ती रांग लख्ख आठवते. 2004 च्या अखेरीस ती लस बंद झाली. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनांत काम भागतं. मी स्वतः पुढे उदगीरला शिकत असताना प्रतिबंधक डोस हसतहसत घेतले. सुईचा प्रश्नच नव्हता. प्रश्न तोंडाचा होता: ते लांब होत जाणारं नाक, वर सरकणारा ओठ आणि खाली दिसणारा सुळा.

आणि सासर मिळालं चाकूर तालुक्यात. त्या भागात जानवळच्या कारवान आणि पश्मी कुत्र्यांचं नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. आमच्या यांनीही तिथूनच पिल्लू आणलेलं, मी येण्याच्या चार वर्षं आधी. हरणाच्या रंगाचं म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं हरण्या. मी पाहिला तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता. खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, लांबच लांब पाय, आणि निमुळतं तोंड, नको तितकं लांब.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवसापासून मी एक वाक्य ऐकत आले: "काही करत नाही तो." कुत्रं पाळणाऱ्या माणसाने उच्चारावं असं याहून निरुपयोगी वाक्य मला माहीत नाही. भ्यालेल्या माणसाला ते 'तुझं डोकं ठिकाणावर नाही' असं ऐकू येतं. हे म्हणायचे, हात लाव, वास घेऊ दे, एकदा लाव तर. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, हातात स्टीलचा तांब्या घेऊन. सासूबाईंचं बरं होतं. त्या म्हणायच्या, "भेऊ नको म्हणून का भ्या जातंय माय? लांबून भाकर टाकीत जा. भाकरीचा गुलाम हाय त्यो." आणि पुस्तकात जे लिहिलेलं असतं, डोळ्याला डोळा लावू नका, समोरून जाऊ नका, त्याला येऊ द्या, ते सगळं त्यांनी मला दोन ओळींत शिकवलं. मी रोज संध्याकाळी दहा हातांवरून भाकरीचा तुकडा फेकायला लागले. वर्षभरात दहाचे पाच हात झाले. तिथे गाडी अडली ती अडलीच.

एका वर्षी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शनाला हरण्याला न्यायचं ठरलं. सासूबाईंसाठी तर ती तीर्थयात्राच, कुत्रं म्हणजे खंडोबाचं. सगळे एका जीपमध्ये, हरण्या मागच्या सीटवर मान बाहेर काढून. मी एसटीने गेले. लोह्याला उतरून पुढे वडापने. प्रदर्शनात माझ्याच ओळखीचे दोन डॉक्टर कुत्री तपासत होते, आणि मी पलीकडे घोड्यांच्या बाजूला उभी. त्याची रेबीजची लससुद्धा दर वर्षी माझी एक वर्गमैत्रीण टोचायची. घरात डॉक्टर असून.

जे सांगायचंय ते घडलं त्या दिवशी पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. करीला आमच्याकडे काय चालतं ते सांगायला हवं. पोळ्याला लोक बैलाला प्रेमाने पुरणपोळ्या चारतात, एक नाही, पाच-दहा, वर कणकेचे उंडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैल पोट फुगवून दवाखान्यात. सकाळपासून तिघांना नळीने खायचा सोडा पाजून झाला होता, चौथा खोड्यात उभा होता. काका सणाला गावी गेलेले. परिचर बारा वाजता सांगून निघून गेला. दोनच्या सुमारास यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

सोयाबीन शेंगांवर आलं की रानडुकरं येतात. पहाटे कळप बांधावर आलेला, हरण्या मागे गेला आणि परतलाच नाही. हे दुपारपर्यंत शोधत होते. ओढ्याकाठी घाणेरीच्या झुडपात सापडला. छोटा हत्ती टेम्पोच्या मागे पोत्यावर टाकून आणला. मी बाहेर आले. डाव्या बगलेपासून फासळ्यांवरून मागे, वीतभराहून लांब, कातडं पडद्यासारखं उलटलेलं. आत स्नायू उघडा. सुळ्याने उसवलं होतं.

हे त्याला उचलायला वाकले. हरण्याने दात दाखवले. कुत्र्याच्या मालकालाही. छातीतून येणारी ती बारीक घरघर ऐकली आणि माझे पाय जागच्या जागी रुतले. आठ वर्षांची मी, तीच पोटरी. आणि यांच्या तोंडून सवयीने निघालं, "काही करत नाही तो."

"आज करेल," मी म्हणाले. "तोंड बांधा आधी."

हे वाक्य कुठून आलं ते आता शोधून काढलं तर सापडेल. त्या क्षणी ते नुसतं खरं होतं. दुखावलेलं जनावर चावतं, मालकालाही चावतं, हे मी शेतकऱ्यांना रोज सांगते. आजवर माझी भीती खोटी आणि त्यांचं वाक्य खरं, असं घरात ठरून गेलं होतं. आज चावा खरोखर शक्य होता, म्हणजे तो टाळायचा कसा हे मला येत होतं. गॉजची पट्टी घेतली, फास केला, लांबूनच नाकावर टाकला, ओढला, खाली गाठ, कानांमागे दुसरी. यांचे हात लटपटत होते, म्हणून मीच केलं. हे नंतर लक्षात आलं.

चौथ्या बैलाचा मालक मागचे पाय धरायला आला. जाडजूड, शांत माणूस. म्हणाला, "मॅडम, बैलाला सोडा पाजताना हात थरथरत न्हाई तुमचा. आता का थरथरतोय?" मी म्हटलं, "पाय धरा."

पुढचं झरझर झालं. अॅट्रोपिन. मग गुंगीचं झायलाझिन. हे औषध मोठं गमतीचं आहे. चारशे किलोचा बैल दोन मिलीत डुलायला लागतो, आणि पंचवीस किलोच्या कुत्र्यालाही सव्वा मिली लागतं. बैलावर हात बसलेल्या डॉक्टरला कुत्र्याचा डोस भरताना दर वेळी चुकल्यासारखं वाटतं. मी दोनदा आकडेमोड केली. कारवानच्या पुढच्या पायाची शीर मात्र दाव्यासारखी वर आलेली असते, अंगात चरबीच नाही ना. भुलीचं केटामाइन देऊन झालं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की त्याचा पंजा माझ्या डाव्या हातात आहे, कधीचा.

गुंगी चढल्यावर तोंडाची पट्टी सोडावी लागते, श्वासासाठी. ती मी सोडली. जबडा उघडला. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून बाहेर ओढली, बाजूला केली. अंगठ्याने हिरडी दाबली; पांढरी झाली, दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. रक्त फार गेलं नव्हतं. आणि माझ्या अंगठ्याला लागूनच तो वरचा सुळा. टोक तुटलेलं होतं. जुनी मोड, गुळगुळीत झिजलेली. दोन वर्षं मी या दाताला पाच-दहा हातांवरून बघत होते आणि तो तुटका आहे हे मला माहीत नव्हतं.

जखम छातीत उतरली आहे का, हा खरा प्रश्न होता. सलाईन ओतलं, भरून राहू दिलं, श्वासाबरोबर बुडबुडे येतात का ते बघत बसले. नाही आले. बोट घालून फासळ्या मोजल्या, सगळ्या साबूत. मग धुणं. चिखल, घाणेरीची पानं, गवत, आणि कातड्याच्या खिशात खोलवर एक अख्खी सोयाबीनची शेंग, हिरवी, आत तीन दाणे. यांनी ती उचलून खिशात टाकली. का, ते मी विचारलं नाही. जखम आठ-नऊ तासांची होती, म्हणजे पूर्ण बंद करण्यात अर्थ नव्हता. सलाईनच्या नळीचा तुकडा निचऱ्यासाठी खाली सोडला. आतून विरघळणारा धागा, वरून नायलॉन. 34 टाके. टेबल म्हणजे आमचं आवक-जावकाचं टेबल, रजिस्टरं खाली जमिनीवर.

केटामाइनमध्ये कुत्र्याचे डोळे उघडे राहतात. पापणी मिटत नाही, बुबूळ कोरडं पडतं. म्हणून अधूनमधून सलाईनचा थेंब टाकत मी जमिनीवर बसले, त्याचं डोकं मांडीवर. तोंड मोकळं. हे बाहेर जाऊन टेम्पोच्या फाळक्याला धरून रडत होते. चौथा बैल खोड्यात रवंथ करायला लागला होता, त्याचा मालक खूश.

पाऊण तासाने हरण्याचा कान हलला. मग डोकं डुगडुगलं, मान वर आली, डोळे माझ्यावर.

"ओळखलं बघ तुला," हे दारातून म्हणाले.

"ओळखलं-बिळखलं काही नाही. गुंगी आहे." मी सावकाश मांडी काढून घेतली.

भीती गेली का, असं मला नंतर काकांनी विचारलं. त्याच आठवड्यात चौकात तीन भटकी कुत्री दिसली तेव्हा मी मागच्या गल्लीने घरी गेले, हेच उत्तर. हरण्याचं वेगळं. त्याचा दात मला माहीत आहे, शीर माहीत आहे, फासळ्या माहीत आहेत.

बाराव्या दिवशी घरी ओसरीवर टाके काढले. तो गुरगुरला. मी तोंड बांधलं, 34 च्या 34 काढले, तोंड सोडलं. सासूबाई चुलीपासून बघत होत्या. त्यांनी काही न बोलता भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला. मी तो फेकला नाही, धरून उभी राहिले, नजर बाजूला. हरण्या आला, नुसत्या ओठांनी, बोटांना दात न लावता त्याने भाकरी काढून घेतली. हात ओला झाला.

दुसरा तुकडा मात्र मी फेकला.