झाकलेला उजेड

रात्री शिडाच्या बोटीवर पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, की अहो दिवे तर लावलेत, मग समोरचं काही दिसत का नाही? प्रश्न रास्त आहे. आपल्या डोक्यात दिवा म्हणजे गाडीचा हेडलाइट, तो लावला की पुढचा रस्ता उजळणार. इथे तसं काही नसतं. पुढे लाल आणि हिरवा, मागे पांढरा असे दिवे लावून बोट गच्च काळोखात चालत असते, आणि सुकाणू धरलेल्याला त्यातला एकही दिवा दिसत नसेल तर उत्तमच, कारण दिसला तर डोळे दिपणार आणि जे थोडंफार दिसत होतं तेही जाणार. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो इथे मुद्दाम जपायचा असतो.

हे दिवे दुसऱ्यासाठी असतात हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न येतो, की मग एक मोठा पांढरा बल्ब चारी बाजूंनी दिसेल असा टांगला असता तर चाललं नसतं का? नसतं चाललं. समुद्रावर कोणीतरी आहे एवढं कळून अर्धंच काम होतं, तो कुठे निघालाय हे कळायला हवं. दिवसा बोटीचा आकार बघून कळतं, रात्री आकारच नाही, पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली काही पत्ता लागत नाही. मग ज्यांनी हे डोकं चालवलं त्यांनी काय केलं, तर दिवे झाकले. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त आवडतं ते हे झाकणं.

म्हणजे बघा, उजवीकडचा हिरवा दिवा नाकासमोरून सुरू होतो आणि उजवीकडे ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो, त्याच्या पुढे बंद. डावीकडे लाल, तेवढाच. मागचा पांढरा १३५ अंश. इंजिनवर चालणाऱ्या जहाजाला या तिघांशिवाय वर मास्टवर, म्हणजे डोलकाठीवर, अजून एक पांढरा, तो फक्त पुढे आणि बाजूंना दिसतो, २२५ अंश, आणि जहाज ५० मीटर किंवा त्याहून लांब असेल तर त्याच्या मागे आणि त्याहून उंचावर तसलाच दुसरा. हा ११२ वर अर्धा अंश कुठून आला असं मला फार दिवस वाटायचं, कोणी हौसेने अर्धा अंश मोजत बसणार नाही. तर जुन्या होकायंत्रावर वर्तुळाचे ३६० नाही, ३२ भाग असायचे, एक भाग सव्वाअकरा अंशांचा. दहा भाग हिरव्याला, दहा लालला, उरलेले बारा मागच्या पांढऱ्याला. हिशोब बरोब्बर बसतो. होकायंत्रावर अंश आले, ते ३२ भाग बोलण्यातून जवळपास गेले, पण दिव्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात ते अजून बसलेले आहेत.

आता याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. मध्यरात्रीनंतर माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, वारा बरा, बाकी सगळे खाली झोपलेले. डावीकडे लांबवर दोन पांढरे ठिपके दिसले, एक खाली आणि एक वर, खालचा उजवीकडे. एवढ्यावरूनच कळतं की मोठं जहाज आहे आणि माझ्या डावीकडून उजवीकडे जातंय, कारण खालचा दिवा पुढचा असतो. रंग अजून दिसत नाही. तो नंतर दिसतो, कारण रंगीत काच बराचसा उजेड स्वतःच गिळते, म्हणून समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमातच मोठ्या जहाजाच्या मास्टवरच्या पांढऱ्याला निदान ६ सागरी मैल आणि बाजूच्या लाल-हिरव्याला ३ मैल असं ठेवलंय. तर थोड्या वेळाने त्या पांढऱ्यांच्या खाली बारीक हिरवा उमटला. बरोबर, उजवी बाजू माझ्याकडे आहे, म्हणजे माझ्या पुढून आडवं जायचा त्याचा विचार. मी त्या दिव्याच्या रेषेत बोटीच्या कठड्याचा एक खांब धरला आणि बघत बसलो, सोबत होकायंत्रावरही नजर. दिवा खांबाच्या पुढे सरकला तर तो पुढून जाईल, मागे पडला तर मागून जाईल, आणि जागचा हललाच नाही तर आपली भेट ठरलेली आहे. दिवा हलत नव्हता.

शिडावर चालणाऱ्या बोटीला इंजिनच्या जहाजाने वाट द्यायची हा नियम मला माहितेय, त्यालाही माहितेय, पण त्याने मला पाहिलंय की नाही हे मला माहीत नाही. मग काय झालं, तर ते दोन पांढरे हळूहळू जवळ यायला लागले. मधलं अंतर कमी कमी होत एका क्षणी दोन्ही एकावर एक बरोबर उभे राहिले आणि खाली हिरव्याच्या शेजारी लाल पण पेटला. म्हणजे जहाज नाकासमोर थेट माझ्याकडे बघतंय. वाचणाऱ्याला वाटेल आता संपलं. पण हीच खरी चांगली बातमी होती, कारण तो उजवीकडे वळत होता, माझ्या मागून जायला, आणि मागे जायचं तर वळताना त्याचं नाक माझ्यावरून फिरणारच. अजून थोडं वळल्यावर हिरवा विझला, नुसता लाल राहिला, खालचा पांढरा आता वरच्याच्या डावीकडे गेला. हिरवा विझला म्हणजे कोणी बंद नाही केला हां, तो त्याच्या झाकणाआड गेला. मला जी काही माहिती मिळाली ती त्या न दिसण्यातून. वॉच बदलताना खालून आलेल्याने विचारलं, काय विशेष? म्हटलं काही नाही.

या सगळ्यात सगळ्यात वैताग देणारा प्रकार म्हणजे एकटा पांढरा दिवा. लाल नाही, हिरवा नाही, नुसता एक पांढरा. तो कोणाचाही असू शकतो. पुढे चाललेल्या जहाजाची पाठ असू शकते, मग आपण त्याला गाठत असलो तर बाजूला व्हायची जबाबदारी आपली, शीड असो नाहीतर नसो. नांगर टाकून उभी असलेली बोट असू शकते. सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटच्या, म्हणजे ताशी सात सागरी मैलांच्या, पुढे न जाणारी इंजिनची होडी असू शकते, तिला एकाच पांढऱ्यावर भागवायची सूट आहे. वल्ह्याच्या होडीत कोणी टॉर्च धरून बसलेला असू शकतो, कारण तसल्या छोट्या होडीला बाकी जमत नसेल तर टॉर्च किंवा कंदील हाताशी ठेवा आणि धडक टाळता येईल अशा बेताने वेळेवर दाखवा एवढंच नियम म्हणतो. आणि तो शुक्र पण असू शकतो. क्षितिजाला टेकलेला शुक्र इतका लखलखीत असतो की अनुभवी माणसं सुद्धा त्याचं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, घेत बसतात, आणि त्याचं बेअरिंग अर्थातच पटकन बदलत नाही, त्यामुळे अजूनच धाकधूक.

शिडाच्या बोटीला मास्टवरचा पुढे बघणारा पांढरा दिवा नसतो, आणि याला जुना इतिहास आहे. ब्रिटनने १८४८ मध्ये वाफेच्या जहाजांना लाल, हिरवा आणि वर पांढरा असे दिवे सक्तीचे केले, शिडाच्या जहाजांना रंगीत दिवे आले ते दहा वर्षांनी, १८५८ ला, पण वरचा पांढरा दिला नाही. नुसता रंग दिसला, वर पांढरा नाही, म्हणजे शीड, आपण बाजूला व्हायचं, असं समोरच्याला कळावं. आजचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, १५ जुलै १९७७ पासून लागू झालेले, पण मूळ बेत तोच राहिलाय.

म्हणूनच वारा पडला आणि इंजिन चालू केलं की शीड वर असलं तरी तुम्ही इंजिनचं जहाज झालात, पांढरा लावायचा आणि शिडवाल्याचा हक्क सोडायचा. लोक पहिलं कधीकधी करतात, दुसरं मनावर घेत नाहीत.

दोन शिडाच्या बोटी रात्री समोरासमोर आल्या तर अजून मजा. त्यांच्यात कोणी वाट द्यायची हे वारा कुठल्या बाजूने घेताय त्यावर ठरतं. डावीकडून वारा घेणाऱ्याने उजवीकडून घेणाऱ्याला वाट द्यायची. पण अंधारात समोरच्याचं शीड कुठल्या बाजूला झुकलंय हे कसं दिसणार, दिवा ते सांगत नाही. नियम करणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी एक ओळ घातली, की तुम्ही डावीकडून वारा घेत असाल आणि वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वारा येतो तिकडे, दुसरी शिडाची बोट दिसत असेल आणि तिचं काही कळत नसेल तर तुम्हीच बाजूला व्हा. मला ही ओळ फार आवडते. काही कळत नसेल तर, हे शब्द सहसा कुठल्या नियमात असतात?

आता थोडं कुरकुर करायचं. वीस मीटरच्या आतल्या शिडाच्या बोटीला तिन्ही रंग एकाच दिव्यात घालून मास्टच्या टोकावर लावता येतात, ट्रायकलर म्हणतात त्याला. उंचावर असल्याने लाटांच्या आड जात नाही, आणि एकच बल्ब लागतो. जुना २५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर दोन अँपिअर खायचा, दहा तासांच्या रात्रीत वीस अँपिअर-तास, छोट्या बोटीच्या बॅटरीचा जीवच जायचा. एलईडीने तो प्रश्न मिटवला. पण काही जण जुन्या दिव्यात नुसता बल्ब बदलून कसलाही पांढरा एलईडी घालतात, आणि ती काच जुन्या बल्बच्या पिवळसर उजेडासाठी बनवलेली, त्यामुळे रंग भलतेच निघतात. इथे रंगाला किती किंमत आहे हे बघा, जहाजावरच्या नोकरीआधी लाल-हिरवा ओळखता येतो का याची तपासणी होते. आणि ट्रायकलर फक्त शिडावर चालताना, इंजिन चालू केलं की तो बंद करून खालचे डेकवरचे लावायचे, नाहीतर पांढरा खाली आणि रंग वर असं उलटंच चित्र दिसतं. तरी ट्रायकलर पण चालू, खालचे पण चालू, अशा बोटी सर्रास दिसतात.

याहून वाईट म्हणजे सजावटीचे दिवे. पाण्याखाली निळे, कठड्याला रंग बदलणारी पट्टी, मास्टला माळ. नांगरावर उभे असाल तर खुशाल लावा, पण चालत्या बोटीवर? नेमून दिलेल्या दिव्यांशी गल्लत होईल असा दुसरा दिवा लावू नये असं नियमात स्वच्छ लिहिलंय. त्या झगमगाटात लाल कुठला आणि हिरवा कुठला हे शोधणाऱ्याच्या डोळ्याचीही वाट लागते. अंधाराला डोळा नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ते सगळं एका मोबाइलच्या स्क्रीनने सेकंदात जातं, म्हणून तर बोटीवर रात्री लाल टॉर्च वापरतात.

आणि आता तो आकडा ज्याने माझी झोप उडवली होती. १२ मीटरपेक्षा लहान बोटीच्या लाल-हिरव्या दिव्याला नियमाने किती पल्ला लागतो, तर १ सागरी मैल. २० नॉटने येणारं जहाज १ मैल ३ मिनिटांत कापतं, आणि आपण सहा नॉटने त्याच्याच दिशेने चाललो असू तर अडीच मिनिटंही मिळत नाहीत. त्या अवधीत वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या माणसाने आपला बारका लाल ठिपका बघायचा, ओळखायचा, ठरवायचं आणि ते अजस्र जहाज वळवायचं. नियम म्हणतो किमान एवढा, तर लोक किमानच घेतात. मी म्हणतो दोन मैलांचा घ्या, एलईडीत फरक तसा मामुली पडतो. आणि टॉर्च हाताशी ठेवा, जहाज जवळ आलं आणि शंका असली की तिचा झोत स्वतःच्या शिडावर मारायचा, एवढं मोठं पांढरं कापड उजळलं की लांबून दिसतं. त्याच्या ब्रिजवर मारायचा नाही, त्याचे डोळे दिपवून आपलंच नुकसान.

बाकी दिव्यांच्या जोड्या पाठ करायला लागतात, त्याला इलाज नाही. इंग्रजीत त्यांची यमकं आहेत, मी आपली मराठीत जुळवलीत. लालावर लाल, कप्तानाचे हाल, म्हणजे जहाज ताब्यात नाही, लांब राहा. हिरव्यावर पांढरा, जाळ्याचा पसारा, म्हणजे ट्रॉलर, मागे जाळं ओढतोय, त्याच्या शेपटाजवळून जायचं नाही. लाल-पांढरा-लाल एकाखाली एक म्हणजे कामात अडकलेलं जहाज, त्याला पटकन हलता येत नाही, त्याचं यमक लांबलचक झालंय म्हणून इथे देत नाही. आणि वर पांढरा खाली लाल म्हणजे पायलट बोट, जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटची ने-आण करणारी, तिथे मी अडलोय. पायलटची चाल, पायलटची ढाल, सगळं करून बघितलं, कशालाच अर्थ लागत नाही, कोणाला सुचलं तर जरूर कळवा.