पंखाच्या मुळाशी एक हिरवी रेघ

हँगरमधले दिवे मालवले, काळा पडदा ओढला आणि अतिनील दिवा घेऊन मी एका जुन्या हार्वर्ड विमानाच्या डाव्या पंखाखाली आडवा झालो. फेब्रुवारी महिना, पूर्व इंग्लंडमधली थंडी, पाठीखाली सिमेंट. पंख जोडणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे अंगलच्या, कोपऱ्यावरून दिवा हळूहळू सरकवत होतो. आधी तिथे चमकणारा द्रव लावून पुसून घेतला होता. चीर असेल तर तिच्यात उरलेला द्रव डेव्हलपरची पांढरी भुकटी बाहेर ओढते आणि तो या दिव्याखाली चमकतो. सगळं जांभळट-काळं. आणि एका जागी पोपटी रंगाची रेघ चमकली. नखाएवढी लांब, केसाहून बारीक.

मी ती जागा पुसली आणि डेव्हलपर पुन्हा मारला. कधी कधी ओरखड्यातही द्रव अडकतो, म्हणून थांबलो. रेघ परत उमटली, त्याच जागी.

हार्वर्ड हे दुसऱ्या महायुद्धातलं प्रशिक्षण विमान. असली पंधरा हजारांहून अधिक विमानं बनली, आपल्या हवाई दलातली कितीतरी मुलंही त्यावर उडायला शिकली. जोडकाम शिकायला याच्यासारखं विमान नाही. पुढचा सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा, वेल्ड केलेला. पंख अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, रिव्हेट मारलेले. आणि बाहेरचा पंख मधल्या भागाला जोडतात तो बोल्टने. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या कडेला वरून-खालून 'एल' आकाराच्या पट्ट्या, म्हणजेच अंगल, रिव्हेट केलेल्या असतात, आणि त्या समोरासमोर आणून बोल्टच्या रांगेने आवळतात. विमान हवेत असताना पंखाचा सगळा भार या पट्ट्यांतून जातो. 2005 साली फ्लोरिडात अशाच एका विमानाचा पंख हवेतच निखळला. अंगलला थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून जाणारी, चीर गेली होती. तेव्हापासून ही तपासणी सक्तीची आहे.

या कामात निम्मा वेळ रंग काढण्यात जातो. रंग रसायनानेच काढायचा, घासायचा नाही. सँडपेपर लावला की मऊ धातू चिरेच्या तोंडावर सारला जातो, तोंड बुजतं, द्रव आत शिरत नाही आणि जोड निर्दोष दिसतो. आमचे मुख्य मेकॅनिक, सत्तरीचे गृहस्थ, पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातला सँडपेपर काढून घेऊन गेले होते. ही रेघ दिसली त्या दिवशी मला त्याचं मोल कळलं.

दुपारी मालक आले. उन्हाळ्यातल्या प्रदर्शनात विमान उडवायचं त्यांनी ठरवलं होतं. रेघ पाहिली आणि म्हणाले, "एवढीशी आहे. वेल्ड मारून चालणार नाही का? पुढचा सांगाडा तर वेल्डचाच आहे."

प्रश्न रास्त होता. पण ते पोलाद, हे ड्युरॅल्युमिन जातीचं, अॅल्युमिनियमचं मिश्रण. याचा कणखरपणा तापवून, झटकन निववून, मग मुरवत ठेवून आलेला असतो. वेल्डची आच लागली की आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि निवताना जोडाच्या कडेला नव्या चिरा जातात. रेघ मिटलेली दिसेल आणि पट्टी आधीपेक्षा कमजोर होईल. पट्टी बदलायची, म्हणजे तिचा एकूण एक रिव्हेट काढायचा. मी हे सगळं सांगितलं. ते खूप वेळ पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. अंगठ्याला काहीच लागत नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस मी रिव्हेट काढत होतो. डोक्याच्या बरोबर मध्यावर टोचा मारायचा, डोक्याच्या जाडीपुरतंच ड्रिल खाली न्यायचं, डोकं पंचने उडवायचं, मग मागून बार टेकवून दांडा ठोकून काढायचा. ड्रिल जरा सरकलं की भोक लांबट होतं आणि पुढच्या मापाचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागाने जाड रिव्हेट घ्यावा लागतो. पण जाड रिव्हेटला कडेपासून अंतरही जास्त लागतं, निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट. पत्र्याची कड काही पुढे सरकत नाही.

पट्टी निघाल्यावर चिरेचा तुकडा कापून व्हाइसमध्ये धरला आणि वाकवला. तो सहज तुटला. तुटलेल्या तोंडाचा एक भाग चकचकीत होता, आत्ता मोडलेला. उरलेला काळसर, आणि तो अर्ध्या जाडीच्याही पुढे पोचला होता. मालकांनी तो तुकडा मागून घेतला. वेल्डचा विषय पुन्हा निघाला नाही.

नवी पट्टी बसवताना रिव्हेट ठोकायची गन माझ्याकडे, मागून टेकवायचा लोखंडी बार मुख्य मेकॅनिककडे. पंखाच्या आत त्यांचा हात, बाहेर मी, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. माझे वडील ओझरच्या कारखान्यात मिगच्या पत्र्यांवर रिव्हेट मारायचे. ते म्हणायचे, बार नीट टेकलेला आहे की नाही हे कानाने ओळखायचं. बरोबर बसला तर आवाज भरीव येतो, कलला तर किणकिणतो. मागे तयार होणारं डोकं रिव्हेटच्या दीडपट रुंद आणि निम्म्या व्यासाएवढं उंच हवं, त्यासाठी मापपट्टी असते. पण मापपट्टी लावायच्या आधीच कानाला कळलेलं असतं.

शेवटच्या रांगेत एक रिव्हेट किणकिणला. आतून आवाज आला, "बसला की!" मी म्हटलं, "नाही, पुन्हा बघा." त्यांनी आरसा लावून पाहिलं. डोकं एका अंगाला कललं होतं.

मी टोचा उचलला.