खेळणारा शेऱ्या

ऑगस्टमधली संध्याकाळ. लालबागच्या चाळीतल्या आजी प्लॅस्टिकच्या टबात मोत्याला घेऊन आल्या. टब दारातून आत आला तेव्हाच वासानं कळलं. रक्ताच्या जुलाबांचा तो उग्र, कुबट वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. अडीच महिन्यांचं पिल्लू, हिरड्या पांढुरक्या, डोळे खोल गेलेले. विष्ठा तपासायच्या किटवर दोन ठळक रेषा उमटल्या. पार्वो, कुत्र्याच्या पिल्लांच्या आतड्यांवर घाला घालणारा विषाणू.

सोबत त्याचा भाऊ शेऱ्या होता. तो माझ्या बुटाची नाडी ओढत होता.

"डॉक्टर, याचंही बघा ना," आजी म्हणाल्या.

"हा तर ठणठणीत आहे, आजी."

त्या ऐकेनात. मी नाइलाजानं तपासलं, आणि त्याच्याही किटवर दुसरी रेषा आली, फिकट पण स्पष्ट. लस दोघांनाही दिलेली नव्हती, त्यामुळे लसीतला विषाणू दिसला म्हणावं तर तेही नाही. आजींनी हट्ट धरला नसता तर मी त्याला तसाच घरी पाठवला असता. ते आठवलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आतड्याच्या ज्या पेशी सतत नव्यानं तयार होतात, त्यांच्यावरच पार्वो घाला घालतो. अस्तर सोलून निघतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या घसरते. पण आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण एकाच वेतातल्या पिल्लांतही सारखं नसतं. शेऱ्याला बहुधा त्यानंच तारलं. विष्ठेतून विषाणू मात्र तोही सांडत होता, आणि दिवसभर चाळीच्या गॅलरीत हुंदडत होता. त्या मजल्यावर आणखी तीन कुत्री.

मोत्याला सलाईन लावलं, उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि आजींबरोबर चाळीत गेलो. गॅलरी रोज फिनेलनं पुसली जायची. पार्वोला फिनेलचं काही वाटत नाही, तो महिनोन् महिने टिकतो. आधी घाण साबणानं धुतली, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवली. शेजारच्या कुत्र्यांच्या लसी कधी झाल्या, हे दारोदार विचारलं. एकाची झालीच नव्हती. लस चाळीसहून अधिक वर्षं उपलब्ध आहे, तरी दर पावसाळ्यात पिल्लं अशीच येतात, याचा फार त्रास होतो.

पाचव्या दिवशी मोत्यानं भाताची पेज चाटली. शेऱ्या शेवटपर्यंत आजारी पडला नाही. कोंडल्यामुळे दार खरवडत रडायचा.

"आता सोडू का गॅलरीत?" आजींनी विचारलं.

"अजून दहा दिवस नाही, आजी."

त्यांनी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून त्याच्याशी बोलत बसल्या.