१३.८ : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

ऑकलंडच्या दक्षिणेला विरी नावाची औद्योगिक वसाहत आहे. एकेकाळी इथे निस्सानचा गाड्या जोडायचा कारखाना होता. न्यूझीलंड सरकारने परदेशी गाड्यांवरची जकात १९९८ मध्ये पूर्ण काढून टाकली आणि त्याच वर्षी देशातले उरलेसुरले जोडणी कारखाने बंद झाले, निस्सानचाही. तोवर जपानहून वापरलेल्या गाड्यांची जहाजंच्या जहाजं उतरू लागून दहा वर्षं होत आली होती. तिकडेही स्टिअरिंग उजव्या हाताला, रस्ते गुळगुळीत, मालक नीटनेटके. इथल्या माणसाला आणखी काय हवं?

त्याच विरीत गाडी उचलायच्या दोन लिफ्ट मावतील एवढी आमची शेड आहे. मी, बायको आणि एक सामोअन मेकॅनिक, एवढीच कंपनी. जुनी गाडी घ्यायच्या आधी लोक ती आमच्याकडे आणतात, आम्ही ती तपासून लेखी अहवाल देतो. आम्ही गाड्या विकत नाही. पूर्वी विकायचो.

माझे वडील मिरजेला एसटी डेपोत मेकॅनिक होते. शाळा सुटली की मी डेपोत जाऊन बसायचो. वडील बसच्या मीटरकडे कधी बघायचेच नाहीत. पहिल्यांदा क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवायचे. रबराचे खाचे किती उरलेत त्यावरून म्हणायचे, "ही लई पळलीय." तेव्हा ती त्यांची लकब वाटायची. मी २००२ मध्ये इथे आलो, ओटाहुहूच्या एका गॅरेजमध्ये चार वर्षं नोकरी केली आणि २००६ मध्ये वाहन विक्रेता म्हणून नोंदणी करून स्वतः गाड्या मागवायला लागलो. जपानमधला एक एजंट लिलावात गाडी उचलायचा, मी पैसे पाठवायचो, काही आठवड्यांनी गाडी ऑकलंड बंदरात उतरायची. महिन्याला दोन, कधी तीन. मंडळाच्या गणपतीत ओळखी व्हायच्या, त्यातून गिऱ्हाईक यायचं.

सगळ्यांचं मागणं एकच: "लाखाच्या आतली बघा हं." म्हणजे एक लाख किलोमीटरच्या आतली. हा आकडा उगाच आला नव्हता. त्या काळातल्या बहुतेक जपानी गाड्यांना टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा पट्टा) असायचा आणि तो लाखाला बदलायचा हे कंपनीचंच सांगणं. बेल्टचं काम महाग, त्यामुळे पंच्याण्णव हजारांची गाडी आणि एक लाख पाच हजारांची गाडी यांच्या किमतीत इंजिनात दिसणार नाही एवढा फरक पडायचा. जपानात साधा घरगुती माणूस वर्षाला आठ-दहा हजार चालवतो. कंपनीच्या सेल्समनची गाडी मात्र पाच वर्षांत दीड लाख गाठते. तीच गाडी सत्तर हजारांची करून दाखवली की निवृत्त शिक्षकाची वाटते.

आकडा मागे घेणं अवघड नव्हतं. जुन्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं असायची. मीटर बाहेर काढा, चाकं हाताने फिरवा, परत बसवा. कच्चं काम असलं की आकडे एका ओळीत बसत नाहीत, नाहीतर काचेच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा राहतो. पुढे डिजिटल मीटर आले तेव्हा लोकांना वाटलं आता हे थांबेल. उलट सोपं झालं. आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो, ती वाचायची आणि हवा तो आकडा लिहायचा. ना चाकं वाकडी, ना ठसा.

जपानातल्या लिलावात लपवाछपवी कठीण असते. तिथे गाडीबरोबर तपासणीचा कागद असतो आणि मीटरचा भरवसा नसेल तर त्यावर 'सोकोउ फुमेइ' असं स्वच्छ लिहितात, म्हणजे किती धावली ते ठाऊक नाही. पण हा कागद गाडीबरोबर जहाजात चढलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. लिलावाचं फाटक आणि बंदर यांच्या मधल्या चार दिवसांत काय घडतं ते बघणारं कोणी नसे. तिथल्या सरकारी तपासणीच्या दाखल्यावर किलोमीटरचा आकडा छापायला लागले ते २००४ पासून. त्याआधीच्या गाडीच्या बाबतीत सरकारी कागद मुका.

आता २००७ ची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

सुबारू लेगसी, १९९८ चं मॉडेल, स्टेशन वॅगन, मीटरवर एकाहत्तर हजार. गाडी देखणी होती. मूळ रत्नागिरीच्या एका नर्सताईंना हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, राहायला मात्र ऑकलंडमध्ये, म्हणजे रोज हायवे. मी त्यांना साडेसात हजार डॉलरला ती दिली आणि वर छातीठोकपणे सांगितलं, "बेल्ट अजून तीस हजार बघायला नको."

तिसऱ्या महिन्यात बॉम्बे हिल्सच्या चढावर बेल्ट तुटला. (हो, बॉम्बे हिल्स. मुंबईशी तिचं नातं एवढंच की वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या जहाजाचं नाव बॉम्बे होतं. आपल्या माणसांना त्या पाटीपाशी फोटो काढायचा असतोच.) त्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन कामातून जातं. टोइंगवाल्याने गाडी आमच्या दारात आणली तेव्हा ताई पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसल्या होत्या. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुम्हीच म्हणाला होतात ना, तीस हजार?"

रात्री बॉनेट उघडून बसलो. फ्यूजच्या डब्याच्या झाकणाखाली एक पिवळट स्टिकर होता. तो मी गाडी आली त्याच दिवशी बघितला होता. त्यावर बॉलपेनने '१५.६' आणि खाली '१३.८', पुढे एक छोटं जपानी चिन्ह. मला वाटलं होतं कुठल्या तरी सुट्या भागाचा नंबर असेल. दुसऱ्या दिवशी तो स्टिकर सोलून गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका जपानी आजींकडे नेला. त्यांनी चष्मा न लावताच वाचला. १५.६ म्हणजे हेइसेइ १५ (तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष), जून, म्हणजे २००३. आणि ते चिन्ह 'मान', दहा हजार. आपण लाखात मोजतो तसे ते दहा हजारांत मोजतात. १३.८ मान म्हणजे एक लाख अडतीस हजार. पुढचं ऑइल तेव्हा बदला, असं कुठल्या तरी पंपावरच्या पोराने चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. मीटर फिरवणाऱ्याने मीटर फिरवला, पण हा स्टिकर त्याच्या नजरेतून सुटला. आणि माझ्या नजरेला पडूनही सुटला.

एजंटला ईमेल केले, फोन केले. त्याने उत्तर दिलं नाही, आजतागायत नाही. इथल्या ग्राहक हमी कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं ते विक्रेत्याने. मला ठाऊक नव्हतं हे म्हणून सुटका नाही. ताई तंटा लवादाकडे गेल्या असत्या तर हरलोच असतो. गेल्या नाहीत. मी साडेसात हजार परत केले, टोइंगचे वेगळे. त्या वर्षी गावी जायचं ठरलं होतं, ते राहिलं. बायको त्यावर काही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

वर्षभरात उरलेल्या गाड्या काढल्या आणि विक्री बंद केली. मंदी होती, आयातीचे धूर-प्रदूषणाचे नियमही कडक झाले होते, त्यामुळे लोकांना वाटलं आम्ही घाबरून दुकान मिटवलं. थोडं तेही होतं.

त्या काळात बायको आठवड्यातून दोन संध्याकाळी जपानी आजींकडे जाऊ लागली. तिच्या वहीत एका बाजूला जपानी अक्षरं, दुसऱ्या बाजूला देवनागरी: ओइरु म्हणजे ऑइल, ताइमिंगु बेरुतो म्हणजे टायमिंग बेल्ट. वाचून आम्ही दोघं हसत सुटलो होतो. आपण इंग्रजी शब्दांचं करतो तेच की हे. सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्ष काढायचं कोष्टक तिने शेडच्या दारामागे चिकटवलं. २००९ मध्ये आम्ही तपासणीचं काम सुरू केलं. फी एकशेवीस डॉलर. पहिल्या महिन्यात चार गाड्या आल्या.

आमची पद्धत आजही तीच आहे. इंजिन सुरू करायच्या आधी अर्धा तास गाडी वाचायची. दाराच्या कडा, फ्यूजचं झाकण, बॉनेटची आतली बाजू, डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिलेलं सर्व्हिसचं पुस्तक. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चाळीस हजार चाललेल्या गाडीला चारही टायर दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचे कसे? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, पट्ट्याची किनार. आणि पेडल. रबर नवं असेल तर मी जास्त घाबरतो. साठ हजारांच्या गाडीला पेडलचं रबर बदलायची गरज का पडली? अहवालात आम्ही 'मीटर फिरवलाय' असं लिहीत नाही. आकडा पुराव्याशी जुळतो, जुळत नाही, किंवा पुरावाच नाही, यातलं एक लिहितो. तिसरं उत्तर लोकांना आवडत नाही, पण सगळ्यात जास्त वेळा तेच खरं असतं.

सुरुवातीला काही विक्रेत्यांनी गाडी आमच्याकडे न्यायला नकार दिला. एक जण तोंडावर म्हणाला, तू इंजिन बघ, कागद चिकटवलेत ते कशाला वाचतोस? त्याच्यावर मला रागही धड धरता आला नाही. त्याच्याकडे एक लाख ऐंशी हजारांची, सगळ्या पावत्यांसह आलेली सुंदर कोरोला सहा महिने पडून होती. लोक आकडा बघूनच पाठ फिरवायचे.

इथे मीटर फिरवणं हा २००३ च्या वाहन विक्री कायद्याखाली गुन्हा आहे. गाडी देशात उतरल्यावर दर फिटनेस तपासणीला आकडा नोंदला जातो आणि तो इतिहास कोणालाही बघता येतो. तरी डिझेलवाल्यांची एक खास इथलीच कला आहे. इथे डिझेल गाडीला दर हजार किलोमीटरमागे रस्ता शुल्क भरावं लागतं, सध्या शहात्तर डॉलर. म्हणून काही महाभाग मीटरच बंद ठेवतात. आमच्याकडे आलेली एक युट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) दोन वर्षांत सहाशे किलोमीटर चालली होती आणि तेवढ्यात तिने टायरचा एक जोड संपवला होता! मेकॅनिक म्हणाला, उभ्या उभ्या झिजले असतील.

मग निस्सान लीफ आल्या. विजेच्या गाडीत किलोमीटरपेक्षा बॅटरीची तब्येत महत्त्वाची, ती मीटरवर बारा कांड्यांत दिसते. काहींनी बॅटरीच्या संगणकाची आठवण पुसायची युक्ती काढली. पुसली की थकलेली बॅटरी बारा कांड्या दाखवते आणि मग काही आठवड्यांत भानावर येऊन नऊवर बसते. तोवर गाडी विकलेली असते. २०१८ च्या सुमाराला अशा दोन गाड्या हाती लागल्या. तेव्हापासून लीफ आली की पूर्ण चार्ज करून मानुकाउपासून पुकेकोहेपर्यंत चालवून आणतो. वेळखाऊ काम आहे, त्याचे वेगळे पैसे घेतो.

नर्सताई पुढे हॅमिल्टनलाच राहायला गेल्या. तेव्हापासून त्यांनी दोन गाड्या घेतल्या, दोन्ही आधी आमच्याकडे आणल्या, आणि दोन्ही वेळा मी फी घेणार नाही म्हटल्यावर टेबलावर पैसे ठेवून गेल्या.

आमची स्वतःची गाडी म्हणजे १९९९ ची टोयोटा हायेस, डिझेल. मागच्या हिवाळ्यात तिचा मीटर मेला. नवा मिळेना, म्हणून भंगाराच्या यार्डातून दुसरा आणून बसवला. आमचा होता चार लाख बारा हजारांवर, बसवलेला दाखवतो एक लाख चौऱ्याऐंशी. रस्ता शुल्कासाठी मीटर बदलल्याची नोंद केली. बायकोने फ्यूजच्या झाकणाखाली एक स्टिकर लावला: तारीख आणि '४.१२ लाख', देवनागरीत. मी म्हटलं, हे पुढच्या मेकॅनिकला कसं कळणार? ती म्हणाली, "शोधेल कोणीतरी आजी." दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्याखाली इंग्रजीत लिहून ठेवलं.