तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डिनल पेल दोषी होते का?

मेलबर्नमध्ये कुणा मराठी माणसाकडे जेवायला गेलं, ताटं उचलली गेली, की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. मी वसईची, कॅथलिक, वीस वर्षांहून जास्त काळ इथे राहणारी. म्हणजे मला आतलं काही ठाऊक असणार, असा विचारणाऱ्याचा समज असतो. ‘त्या तुमच्या कार्डिनलचं खरं काय हो? केलं होतं का त्यांनी?’ वसईला गेले की तोच प्रश्न उलटा होऊन येतो. ‘अगं, शेवटी सुटले ना ते? मग एवढी बदनामी कशासाठी केली?’

दोन्हीकडे मी बरीच वर्षं गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आता नीट लिहिते.

जॉर्ज पेल बॅलरॅटचे. मेलबर्नपासून दीड तासावरचं, सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं हे गाव. 1996 मध्ये ते मेलबर्नचे आर्चबिशप झाले, पुढे सिडनीचे, 2003 मध्ये कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालच्या दर्जाचे. 2014 पासून व्हॅटिकनचा आर्थिक कारभार त्यांच्याकडे होता. 29 जून 2017 रोजी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथल्या, पोलिसांनी त्यांच्यावर बाललैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवले. चर्चमध्ये इतक्या वरच्या पदावरच्या माणसावर असा खटला त्याआधी कुठेच उभा राहिला नव्हता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी आरोप काय आहेत हे वाचायच्या आधीच ते खरे मानून टाकले होते. त्याचं कारण वर्षभर आधीचं होतं.

2016 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रॉयल कमिशनपुढे पेल यांची साक्ष झाली. संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणारं हे सरकारी कमिशन. हृदयाच्या दुखण्यामुळे विमानप्रवास झेपणार नाही असं पेल यांच्याकडून सांगण्यात आलं, म्हणून ते रोममधल्या एका हॉटेलातून व्हिडिओवर साक्ष देत होते. बॅलरॅटची काही माणसं, जी लहानपणी तिथल्या धर्मगुरूंच्या तावडीत सापडली होती, लोकवर्गणीतून तिकिटं काढून रोमला गेली आणि त्याच सभागृहात त्यांच्यासमोर जाऊन बसली. प्रश्न जेराल्ड रिड्सडेल याच्याबद्दल होता. या धर्मगुरूवर पुढे साठहून अधिक मुलांवरच्या अत्याचाराचे गुन्हे शाबित झाले. 1973 मध्ये तरुण पेल त्याच्यासोबत एकाच धर्मगुरुनिवासात राहत होते. रिड्सडेलची कृत्यं गावात माहीत होती का, असं विचारल्यावर पेल म्हणाले, की ती एक दुःखद गोष्ट होती आणि मला त्यात फारसा रस नव्हता.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात तसेच पिठात राहिले. त्या वाक्याबद्दल त्यांनी नंतर खेद व्यक्त केला, पण माझ्या मनात निकाल तिथेच लागून गेला होता. पुढच्या वर्षी आरोप आले तेव्हा मला पुरावा नकोच होता, त्या एका वाक्यावर मी त्यांना शिक्षा ठोठावून बसले होते. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातल्या, कित्येकांचा निकाल तितक्याच झटक्यात उलटा लागला होता. हा चर्चविरुद्धचा कट आहे, पत्रकारांनी रचलेला डाव आहे, असं ते म्हणत. त्यांनीही आरोपपत्र वाचलेलं नव्हतं.

नंतरचा काळ मेलबर्नबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. खटला दोनदा चालला. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. 11 डिसेंबर 2018 रोजी दुसऱ्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. 1996 मध्ये सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपल्यावर, सॅक्रिस्टीत, म्हणजे धर्मगुरूंच्या पोशाख बदलायच्या खोलीत, गायकवृंदातल्या दोन मुलांवर अत्याचार केल्याचा आरोप होता. पण दुसरा एक खटला बाकी असल्यामुळे ही बातमी छापायला न्यायालयाची बंदी होती. इथल्या एका दैनिकाने पहिलं पान काळं करून त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त ‘सेन्सॉर्ड’ एवढंच छापलं. परदेशी वेबसाइटवर मात्र नाव होतं, आणि माझ्या नणंदेने मुंबईहून ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंही.

त्या वर्षीची नाताळची मध्यरात्रीची मिस्सा मी विसरणार नाही. चर्च भरलेलं, गव्हाणीजवळ मेंढपाळांच्या वेषात चिमुकली मुलं, आणि बाकांवर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती बातमी ठाऊक. कुणी अक्षर बोललं नाही. बंदी वर्तमानपत्रांवर होती, आमच्या तोंडावर कुणी घातली नव्हती. बाहेर अंगणात चहा-केक घेताना आम्ही उकाड्याबद्दल बोललो.

तिथे मला पहिल्यांदा वाटलं, की हे गप्प बसणं माझ्या ओळखीचं आहे. मी यातच वाढले आहे.

वसईत आम्ही ख्रिस्ती लोक चार शतकांहून जुने. तरी महाराष्ट्रात कुणीतरी अधूनमधून विचारतंच, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ बाहेरचा कुणी आमच्या फादरांबद्दल वावगं बोलला की आत कितीही भांडणं असोत, आम्ही एक होतो. आपल्यातलं आपल्यात ठेवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते दुधातून आलं. बॅलरॅटचे कॅथलिक मूळचे बहुतेक आयरिश. इथल्या इंग्रजी प्रोटेस्टंट समाजात पिढ्यानपिढ्या त्यांना कमी लेखलं गेलं. म्हणून त्यांनी आपल्या शाळा, आपली चर्चेस पोटाला चिमटा काढून उभारली आणि धर्मगुरूला घरातल्या वडीलधाऱ्यांच्याही वर बसवलं. अशा घरातला दहा वर्षांचा पोरगा येऊन ‘फादरांनी मला असं केलं’ असं म्हणतो, तेव्हा त्याची आई काय करते? कमिशनपुढे माणसांनी सांगितलं, की आम्ही घरी बोललो तेव्हा आम्हालाच मार बसला. त्या आया दुष्ट नव्हत्या. माझ्या आजीनेही तेच केलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 26 फेब्रुवारी 2019 रोजी बंदी उठली, मार्चमध्ये मुख्य न्यायाधीशांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि ते सुनावणं टीव्हीवर थेट दाखवलं गेलं. न्यायालयाबाहेर काही लोक ओरडत होते, काही रडत होते. माजी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी पेल यांच्या चारित्र्याची ग्वाही देणारं पत्र दिलं होतं, त्यावर वेगळा गदारोळ झाला. बॅलरॅटच्या ज्या शाळेत ते शिकले तिने इमारतीवरून त्यांचं नाव काढलं. अपील 2 विरुद्ध 1 मतांनी फेटाळलं गेलं. आणि 7 एप्रिल 2020 रोजी, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी, हायकोर्टाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने शिक्षा रद्द केली. ऑस्ट्रेलियात हायकोर्ट म्हणजे आपलं सर्वोच्च न्यायालय. चारशेहून अधिक दिवस तुरुंगात काढून पेल बाहेर आले. कोविडमुळे चर्चेस बंद होती. त्या रात्री कॅथेड्रलच्या दारावर कुणीतरी रंगाने शिव्या लिहिल्या, आणि आमच्या धर्मग्रामाच्या ग्रुपवर ‘आलेलुया’चे मेसेज आले. आलेलुया हा आनंदाचा जयघोष, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आम्ही तो म्हणत नाही.

मी निकालपत्र वाचलं. कायद्याची भाषा मला जड जाते, पण मुद्दा समजतो. तक्रारदार खोटं बोलला असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. ज्यूरीने त्याच्यावर विश्वास ठेवला, हे त्यांनी धरून चालूनच विचार केला. पण मिस्सा संपल्यावर आर्चबिशप दारापाशी पायऱ्यांवर थांबून लोकांना भेटत, पूर्ण पोशाखात असताना त्यांच्यासोबत कायम कुणीतरी असे, आणि त्या वेळी सॅक्रिस्टीत माणसांची ये-जा चालू असे, अशा साक्षी होत्या आणि त्या खोडल्या गेल्या नव्हत्या. एवढं समोर असताना ज्यूरीला शंका यायला हवी होती. निर्दोष माणसाला दोषी ठरवलं गेल्याची लक्षणीय शक्यता आहे, असं न्यायालय म्हणालं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्या गुन्ह्यात ते दोषी नाहीत, आणि हा निकाल मी मनापासून मानते. 2017 मध्ये मी जो निकाल देऊन मोकळी झाले होते, तो द्यायचा मला अधिकार नव्हता. एखादा माणूस कठोर बोलतो, म्हणून त्याने अमुक दिवशी अमुक खोलीत अमुक केलं, असं होत नाही.

पण वसईहून ‘सुटले ना ते?’ असं विचारणाऱ्यांना मी इथे थांबू देत नाही. हायकोर्टाच्या निकालानंतर बरोबर एका महिन्याने, 7 मे 2020 रोजी, रॉयल कमिशनच्या अहवालातली तोवर झाकून ठेवलेली पानं खुली झाली. खटल्यावर परिणाम होऊ नये म्हणून ती झाकली होती. 1973 सालीच धर्मगुरूंकडून मुलांवर होणाऱ्या अत्याचारांची पेल यांना जाणीव होती, इतकंच काय, लोकांत कुजबुज होऊ नये म्हणून काय टाळावं याचाही त्यांनी विचार केला होता, असा निष्कर्ष त्यात आहे. पेल यांनी तो नाकारला, पुराव्याला धरून नाही असं म्हटलं. मी मात्र तो अहवाल वाचते तेव्हा मला ती नाताळची रात्र आठवते. कुजबुज होऊ नये, एवढीच काळजी आम्हीही घेत होतो.

कॅथलिक संस्थांविरुद्ध 1980 ते 2015 या काळात 4,444 जणांनी तक्रारी केल्या होत्या, हा आकडा याच कमिशनने 2017 मध्ये सांगितला. एवढ्या सगळ्यांचं ओझं एका खटल्यावर टाकून आम्ही न्यायालयाकडे डोळे लावून बसलो होतो. पेल दोषी ठरले तेव्हा बॅलरॅटला न्याय मिळाला असं एका बाजूला वाटलं. ते सुटले तेव्हा बॅलरॅट घडलंच नाही असं दुसऱ्या बाजूला वाटलं. तक्रारदाराचं निवेदन दुसऱ्या दिवशी आलं. निकाल मान्य आहे, पण या एका निकालाने इतरांनी पुढे यायचं थांबवू नये, असं त्याने म्हटलं होतं. त्या आठवड्यात मला त्याच्याइतकं समंजस बोलणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

मी अजूनही दर रविवारी मिस्साला जाते, मुलांना धर्मशिक्षण शिकवते. त्यासाठी पोलिसांकडून पडताळणी झालेलं कार्ड लागतं, आणि मुलांसोबत कुणीही एकट्याने दार लावून बसायचं नाही असा नियम आहे. व्हिक्टोरियात 2020 पासून पापनिवेदनात कळलेला बालअत्याचारही धर्मगुरूने सरकारी यंत्रणेला कळवला पाहिजे असा कायदा आहे. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 मध्ये आला, त्यातही कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. वसईत मी हे सांगते तेव्हा लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात.

10 जानेवारी 2023 रोजी पेल रोममध्ये वारले. मी तेव्हा नाताळच्या सुटीत वसईला मामांकडे होते. मामांनी फोनवर बातमी वाचली, क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, ‘विनाकारण भोगावं लागलं बिचाऱ्यांना.’ मी बोलायला तोंड उघडलं, तोवर ते उठून वाडीत गेले. मामी ओट्यावर बोंबील साफ करत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘आणि तिकडची ती मुलं गं? त्यांचं काय झालं?’

इतक्या वर्षांत मला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी सांगितलं, की ती आता साठीच्या आसपासची माणसं आहेत, काही जगली नाहीत. बॅलरॅटच्या शाळेच्या आणि चर्चच्या कुंपणांना लोक त्यांच्यासाठी रंगीत फिती बांधतात.

मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्यांच्या आयांना कधी कळलं?’

ते सांगता सांगता संध्याकाळच्या जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ झाली.