गोदाक्का मागून कशी दिसते?

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर दर सोमवारी मी एक हास्यचित्र लावते. सहा वर्षं झाली. त्यात गोदाक्का असते: नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी आणि भरल्या वांग्यासारखं नाक. गंगापूर रोडवरच्या भाजीवाल्यांशी ती घासाघीस करते, लिफ्टशी भांडते, पाण्याच्या टँकरवाल्याला शहाणपण शिकवते. गेल्या श्रावणात मी चित्र चिकटवत होते तेव्हा बहिणीचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "मावशी, गोदाक्का मागून कशी दिसते गं?"

मला उत्तर देता आलं नाही. सहा वर्षांत मी तिला एकदाही पाठमोरी काढली नव्हती. तिला अंबाडा आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. ती कायम डावीकडे तोंड करून उभी, कारण त्या बाजूनेच तिचं नाक शोभतं.

त्याच आठवड्यात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची यादी झाली आणि मी दहा मिनिटं मागून घेतली. म्हटलं, गोदाक्काची बाहुली करायची.

आधी तिला चारी बाजूंनी काढून बघितलं. इथेच पहिली अडचण आली. बाजूने डौलदार दिसणारं नाक समोरून नुसता गोळा होतं आणि तोंड झाकून टाकतं. व्यंगचित्रातली पात्रं बऱ्याचदा सपाट जगातच खरी असतात. मिकी माउसचे कान बघा, तो कुठेही वळला तरी ते गोलच्या गोल दिसतात. कागदावर हे चालतं, वस्तूत चालत नाही. मी नाक वर सरकवलं, थोडं चपटं केलं, ओठ आणि नाक यांच्यात दोन बोटं जागा सोडली. हे करताना लक्षात आलं की मी आजवर गोदाक्काची एक बाजू काढत होते, अख्खी बाई मनात धरलेलीच नव्हती.

डोकं कागदाच्या लगद्याचं करायचं ठरवलं. आईला ते येतं, तिच्या माहेरी लगद्याच्या टोपल्या व्हायच्या. जुनी वर्तमानपत्रं दोन दिवस भिजवली, मेथ्या भिजवून वाटून त्यात घातल्या. मेथीने चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही, असं आई म्हणते. पण नाशिकचा श्रावण! चार दिवस झाले तरी डोकं ओलंच, पाचव्या दिवशी कानामागे बुरशी. वजन केलं तर पाऊण किलो. हात वर करून तेवढं ओझं दहा मिनिटं पेलणं मला शक्य नव्हतं. ते डोकं मी अजून माळ्यावर ठेवलं आहे, टाकवत नाही.

मग गादीवाल्याकडून एक इंच जाडीचा फोम आणला. परकराला कळ्या घालतात तशा सहा कळ्या कापल्या, कडांना रबरी चिकटद्रव्य लावलं. ते दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं लागतं आणि मग जोडावं लागतं. एकदा जोडलं की सुटत नाही, म्हणून कळ्या आधी टाचण्यांनी लावून बघाव्यात. वर चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं बनियनचं कापड ताणून शिवलं. रंग अगदी गोदाक्काचा आला. नऊवारी आईच्या जुन्या इरकलीच्या तुकड्याची. आणि हो, अंबाडा केला. भाच्याला दाखवला, त्याने मान डोलावली.

डोळ्यांसाठी टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापला. बुबुळं काळ्या कागदाची, ती आधी टाचणीने लावली. अगदी मधोमध लावल्यावर गोदाक्का आरपार बघायची, जणू समोर कोणी नाहीच. दोन्ही बुबुळं नाकाकडे किंचित, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, सरकवली आणि ती माझ्याकडे बघू लागली. त्या रात्री मी ते चार-पाच वेळा पुढेमागे करून बघितलं. चित्रात मी हेच करत आले होते, दोन ठिपके इकडचे तिकडे. फरक एवढाच की इथे ठिपका हलवल्यावर अंगावर शहारा आला.

मधल्या काळात वाचत होते, आणि जे सापडलं त्याने हुरूप वाढला. लंडनमध्ये १८४१ साली 'पंच' नावाचं विनोदी साप्ताहिक निघालं. त्याला नाव दिलं होतं रस्त्यावरच्या खेळातल्या बाहुल्याचं, मिस्टर पंचचं. याच साप्ताहिकाने १८४३ मध्ये 'कार्टून' हा शब्द थट्टेच्या चित्रासाठी वापरला. तोवर कार्टून म्हणजे मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा. म्हणजे आज आपण ज्याला कार्टून म्हणतो ते नाव एका बाहुल्याच्या घरात मिळालेलं आहे.

आपल्याकडे तर ही सोयरीक याहून घट्ट आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथीही सांगतात आणि कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्याही नाचवतात. एकेक चित्र समोर धरून गात कथा पुढे न्यायची, आणि त्याच घरात दोऱ्यांवरच्या बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चौकट आणि बाहुली वेगळ्या कला आहेत असं त्या घरांत कुणाला वाटत नसावं. ब्रिटनमध्ये पीटर फ्लक आणि रॉजर लॉ हे दोघे अर्कचित्रं, म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यांची थट्टेची रूपं, मातीत घडवून मासिकांसाठी फोटो काढायचे. १९८४ पासून त्यांच्याच रबरी बाहुल्या टीव्हीवर नेत्यांची टर उडवू लागल्या. शंभरी ओलांडलेले पाध्ये घराण्याचे अर्धवटराव तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघा, ते घन झालेलं अर्कचित्रच आहे. आणि त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवून पडद्यावर नाचवल्या, ते चित्र म्हणावं की बाहुली?

बाहुली तयार झाली, पण मला चालवता येत नव्हती. तोंड उघडायला चार बोटं वर जायची, त्यामुळे प्रत्येक शब्दाला गोदाक्काचं डोकं मागे पडायचं. खालचा अंगठा हलवायचा असतो. एका अक्षराला एक उघड: न, मस्, कार. शिवाय हात दमला की मनगट ढिलं पडतं आणि बाहुली छताकडे बघायला लागते. मनगट सतत पुढे वाकवून धरावं लागतं, तेव्हा कुठे ती लोकांकडे बघते. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं आरशासमोर, आणि पहाटे खांद्यात कळ.

सगळ्यात अवघड होतं ते चेहऱ्याचं. चित्रात गोदाक्का चकित झाली की मी भुवया टोपीसारख्या उडवते, घामाचे थेंब काढते, पिशवी हवेत. बाहुलीला एकच चेहरा. मी आधी तो हसरा केला होता, तर तो भांडणातही हसायचा. मग त्र्यंबकच्या बाजूला पाहिलेला बोहाडा, मुखवटे चढवून रात्रभर चालणारा नाच, आठवला. तिथली सोंगं लाकडाची, लगद्याची, जड, आणि मुखवटा रात्रभर तोच. पण सांबळ वाजायला लागलं की नाचणाऱ्याच्या पावलांतून आणि मानेतून कधी राग दिसतो, कधी प्रेम. मी गोदाक्काच्या तोंडाचे टाके उसवले आणि ओठ सरळ केले, ना हसू ना राग. त्यानंतर ती सगळं काही दाखवू लागली.

संवादही कापले. चाळीस वाक्यं होती, चौदा राहिली. भाजीवाला म्हणतो, "कोथिंबीर चाळीस रुपये." पूर्वी गोदाक्का लगेच उत्तर द्यायची. आता ती भाजीवाल्याकडे बघते. मग लोकांकडे. मग हळूच पिशवीत. मग परत भाजीवाल्याकडे. चित्रात दोन चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी सोडतो तीच ही, फक्त इथे ती किती रुंद ठेवायची ते माझं मनगट ठरवतं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाजीवाला होता भाचा, पडद्यापुढे उभा. तिसऱ्या मिनिटाला गोदाक्काच्या खालच्या जबड्याचा पुठ्ठा सुटला आणि तोंड उघडंच राहिलं. पडद्यामागे माझं काळीज धडधडत होतं. माझ्या दुसऱ्या हातात तिचा हात हलवायची काठी होती. ती उचलून मी तिचा पदर तोंडाला लावला. आपल्या आज्या लावायच्या तसा. मंडपात हशा पिकला. पुढची सहा-सात मिनिटं ती पदराआडूनच बोलली, मानेनेच भांडली, आणि कोथिंबीर वीस रुपयांना घेऊन गेली.

आरती झाल्यावर मी प्रसादाची ताटं लावत होते. मागे वळले तर भाच्याने गोदाक्का हातात चढवली होती आणि दोन लहान मुलींना तो तिच्याकडून काहीतरी सांगत होता. माझी गोदाक्का संथ, ठाम. त्याच्या हातात ती भराभर वळत होती, मान कलती, जरा आगाऊ, आणि पाठ माझ्याकडे. अंबाडा प्रत्येक शब्दाला डुलत होता. मी ताटं तशीच ठेवली, पर्समधून छोटी वही काढली आणि खुर्चीवर बसून तिला काढू लागले.